न विभागणाऱ्या पेशी, जागी जनुके आणि डीएनएची दुरुस्ती

रसायन औषधांच्या वेष्टनांवर व माहितीपत्रकांवर अलीकडे ‘डीएनएची दुरुस्ती करते’ अशा अर्थाची वाक्ये छापलेली आढळतात. ग्राहक ते वाचून औषधालयात विचारणा करतो, औषधालयाचे मालक वैद्याकडे बोट दाखवतात आणि वैद्याजवळ बहुधा याचे नेमके उत्तर नसते. आमच्या पिढीने बी.ए.एम.एस.चा अभ्यासक्रम पूर्ण केला तेव्हा डीएनए हा विषय क्रियाशारीराच्या दोन-चार पानांत आटोपला जात असे. त्यानंतर या शास्त्राने फार मोठी मजल मारली आहे. विशेषतः ज्या पेशी आयुष्यभर विभागत नाहीत, त्यांत जनुकांचे काम व डीएनएची दुरुस्ती यांचा जो परस्परसंबंध उघड झाला आहे, तो वार्धक्य, मज्जागत विकार व द्रव्यांची सुरक्षितता या तिन्ही दृष्टींनी आपल्या व्यवसायास उपयोगी आहे. सदर लेखात तो शक्य तितक्या सुबोध रीतीने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

न विभागणाऱ्या पेशी कोणत्या?

त्वचेच्या, आतड्याच्या व रक्तमज्जेच्या पेशी सतत विभागतात. जुन्या जातात, नव्या येतात. मेंदूतील चेतापेशींचे तसे नाही. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असून त्यांतील बहुतेक जन्माच्या आसपास तयार होतात आणि पुढे विभागत नाहीत. प्रमस्तिष्काच्या बाह्य थरातील चेतापेशींचे वय त्या मनुष्याच्या वयाइतकेच असते. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचे पेशींच्या डीएनएमधील प्रमाण मोजून स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी हे २००५ व २००६ मध्ये दाखवून दिले. त्याच पद्धतीने २००९ मध्ये असे दिसले की, हृदयाच्या स्नायुपेशी पंचविसाव्या वर्षी वर्षाला सुमारे एक टक्का व पंचाहत्तराव्या वर्षी त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी इतक्याच नव्याने बनतात.

सत्तर वर्षांच्या वृद्धाची चेतापेशी सत्तर वर्षे तोच एक डीएनए वापरीत असते. पेशी बदलता येत नाही, म्हणून आहे तीच सांभाळणे भाग असते. रक्तातील विश्रांत लसिकापेशी, वृक्कातील नलिकांच्या पेशी व यकृतपेशी या क्वचितच विभागतात. त्यांची गणनाही व्यवहारतः याच वर्गाजवळ करावी लागते.

डीएनएला इजा का होते?

इजा होण्यासाठी बाहेरून विष यावेच लागते असे नाही. पेशीतील पाणी, उष्णता व प्राणवायू यांच्या नित्य क्रियेनेच डीएनए झिजत असतो. स्वीडिश शास्त्रज्ञ टॉमस लिंडाल यांच्या गणितानुसार एका मानवी पेशीतून रोज सुमारे दहा हजार प्युरिन घटक आपोआप गळून पडतात. डीएनए दुरुस्तीच्या अभ्यासाबद्दल लिंडाल यांना पॉल मॉड्रिच व अझीझ सांजार यांच्यासमवेत २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असले तरी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. त्यामुळे चेतापेशींतील ही झीज अधिकच महत्त्वाची ठरते.

येथे वाचकांना चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्वभावोपरमवादाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भावांच्या उत्पत्तीस कारण लागते, नाशास लागत नाही, हा तो विचार होय. तथापि, प्राचीनांना डीएनए ठाऊक होता असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. झीज हा जीवनाचा स्वभाव आहे व जगणे म्हणजे भरपाईचे अखंड काम आहे, एवढेच साम्य प्रामाणिकपणे दाखवता येईल.

दुरुस्तीच्या दोन वाटा

डीएनए ही दोन पदरांची साखळी असते. जनुक जागे होते म्हणजे त्या ठिकाणी आरएनए पॉलिमरेज नावाचे विकर बसते, एका पदरावरून सरकत जाते आणि त्याची आरएनए-प्रत तयार करते. त्या प्रतीवरून पुढे प्रथिन बनते. ज्या पदरावरून प्रत निघते त्यास आपण ‘वाचला जाणारा पदर’ म्हणू. समोरचा दुसरा पदर वाचला जात नाही.

आता आमच्या कुर्डुवाडीचाच दाखला घेऊ. बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासून हे गाव रेल्वेचे आहे. लोहमार्गावरील बिघाड दोन प्रकारे लक्षात येतो. गँगमन हातोडा घेऊन सर्व मार्गाची पायी पाहणी करतो, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात मार्गावर धावणारी गाडीच बिघाडापाशी थांबते आणि ती थांबल्याची वर्दी गेली की दुरुस्तीची टोळी त्याच ठिकाणी धावून येते. पहिला प्रकार सर्व रुळांना सारखा लागू पडतो, पण तो सावकाश चालतो. दुसरा त्वरित घडतो, मात्र ज्या रुळांवर गाड्या धावतात तेथेच तो उपयोगी पडतो. वापरात नसलेल्या बगलमार्गावरील तुटका रूळ या दुसऱ्या प्रकाराने कधीच सापडणार नाही.

पेशीतही असेच आहे. डीएनएचा आकार बिघडवणाऱ्या मोठ्या इजा कापून काढण्याची जी पद्धत आहे, तिच्या दोन शाखा आहेत. पहिलीत एक्सपीसी नावाचे प्रथिन संपूर्ण जनुकसंचाची पाहणी करते. दुसरीत आरएनए पॉलिमरेज इजेपाशी अडकते, ते अडकणे हाच संकेत ठरतो आणि सीएसबी व सीएसए ही प्रथिने दुरुस्तीचा संच तेथे बोलावतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप हॅनवॉल्ट यांच्या गटाने १९८५ मध्ये जाग्या जनुकाची दुरुस्ती इतर भागांपेक्षा जलद होते हे दाखविले. १९८७ मध्ये त्याच गटाने त्यातही वाचला जाणारा पदर आधी दुरुस्त होतो हे सिद्ध केले. जनुकाची क्रियाशीलता व दुरुस्ती यांचा संबंध अशा रीतीने प्रथम प्रस्थापित झाला.

चेतापेशींची काटकसर

हा संबंध विभागणाऱ्या पेशींत होता. न विभागणाऱ्या पेशींत काय घडते, याचे उत्तर थिएरी नूस्पिकेल व हॅनवॉल्ट यांनी २००० मध्ये दिले. त्यांनी प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून मानवी चेतापेशी घडविल्या व दोहोंच्या डीएनएला अतिनील किरणांनी इजा केली. मूळ पेशींत संपूर्ण डीएनएची पाहणी होत होती. त्याच पेशी चेतापेशी झाल्यावर मात्र ही सर्वसाधारण पाहणी मंदावली, परंतु जाग्या जनुकांची दुरुस्ती कायम राहिली. इतकेच नव्हे, तर जाग्या जनुकांत न वाचला जाणारा पदरही चांगला दुरुस्त होत होता.

याची संगती अशी लावतात. पेशी विभागणार असेल तर तिला सगळा डीएनए निर्दोष ठेवावा लागतो, कारण त्याची संपूर्ण नक्कल पुढच्या पेशीला द्यायची असते. चेतापेशीला नक्कल द्यायचीच नाही. तिला फक्त स्वतःची नित्य लागणारी जनुके शाबूत हवीत. म्हणून ती वापरातील जनुके जपते आणि निद्रिस्त जनुकांकडे काहीसे दुर्लक्ष करते. वाचल्या जाणाऱ्या पदराची दुरुस्ती करताना समोरचा पदर नमुना म्हणून लागतो, म्हणून जाग्या जनुकाचे दोन्ही पदर जपले जातात.

या काटकसरीत एक धोकाही आहे. निद्रिस्त जनुकांत वर्षानुवर्षे इजा साठत गेली आणि काही कारणाने पेशीने ती जनुके जागी केली किंवा विभागण्याचा प्रयत्न केला, तर साठलेला सगळा दोष एकदम समोर येईल. अल्झायमरच्या विकारात चेतापेशी मरण्याचे हे एक कारण असू शकेल, असा तर्क याच शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये मांडला. तो तर्क आहे, सिद्धांत नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

डीएनएचे दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटतात तेव्हा न विभागणाऱ्या पेशीची अडचण आणखी वाढते. विभागणारी पेशी नक्कल झालेल्या जुळ्या धाग्याचा नमुना पाहून तुटलेला भाग अचूक भरून काढू शकते. चेतापेशीजवळ असा जुळा धागा नसतो. तिला तुटलेली टोके मुख्यतः थेट सांधावी लागतात आणि तसे करताना एखाद-दुसरे अक्षर गळण्याचा संभव असतो.

२०२१ मध्ये अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी मानवी चेतापेशींत दुरुस्ती नेमकी कोठे चालते याचे नकाशे काढले. दुरुस्ती सर्वत्र सारखी नसून ठरावीक ठिकाणी एकवटलेली आढळली. एका गटाच्या मोजणीनुसार ही ठिकाणे संपूर्ण जनुकसंचाच्या दोन टक्क्यांहूनही कमी जागा व्यापतात. त्यांतील पुष्कळशी ठिकाणे चेतापेशींची स्वतःची जनुके व ती जागी करणारे नियामक भाग यांच्याशी निगडित होती. ‘जेथे वापर तेथे दुरुस्ती’ हे सूत्र त्यामुळे अधिक दृढ झाले.

दोन व्याधींची साक्ष

या दोन वाटांपैकी एकेक वाट जन्मतः बंद असलेल्या रुग्णांकडे पाहिले म्हणजे वरील विवेचनाचे महत्त्व पटते.

झीरोडर्मा पिगमेंटोसम या व्याधीत डीएनए कापून दुरुस्त करण्याची पद्धत सदोष असते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखविले. एक्सपीसी प्रथिनाचा दोष असलेल्या रुग्णांत सर्वसाधारण पाहणी बंद, परंतु जाग्या जनुकांची दुरुस्ती चालू असते. अशा रुग्णांना उन्हाच्या ठिकाणी त्वचेचे कर्करोग अल्पवयात होतात, पण त्यांची बुद्धी व मज्जासंस्था बहुधा चांगली राहते.

इंग्लंडमधील एडवर्ड कॉकेन यांनी १९३६ मध्ये वर्णन केलेल्या व्याधीत नेमके उलट असते. तेथे सीएसए किंवा सीएसबी सदोष असल्याने जाग्या जनुकांची दुरुस्ती होत नाही. हे बालक खुरटते, त्याला ऊन सोसत नाही, श्रवण व दृष्टी क्षीण होत जाते, मज्जासंस्था ऱ्हास पावते आणि चेहरा अकाली वृद्ध दिसू लागतो. मात्र त्वचेचा कर्करोग वाढल्याचे आढळत नाही.

सारांश, विभागणाऱ्या पेशींत दुरुस्ती चुकली तर अर्बुद होते आणि न विभागणाऱ्या पेशींत जाग्या जनुकांची दुरुस्ती चुकली तर क्षय व अकाली जरा येते. नैसर्गिक वार्धक्यातही असाच अंश असावा. २०२३ मध्ये वृद्ध उंदरांच्या यकृतपेशींची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत जनुकांवरून सरकणाऱ्या पॉलिमरेजपैकी सुमारे चाळीस टक्के अडकलेले आढळले. जनुक जितके लांब, तितका त्याचा वाचनभंग अधिक. चेतापेशींची अनेक महत्त्वाची जनुके लांब असतात, ही बाब येथे सूचक आहे.

जागेपणीची मोडतोड आणि निद्रेतील डागडुजी

जनुक जागे होणे दुरुस्तीस साहाय्यक असते तसे ते इजेसही कारण होते. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असे दाखविले की, उंदरास नव्या जागेत हिंडू दिले असता त्याच्या मेंदूतील डीएनएचे दोन्ही पदर तुटण्याचे प्रमाण वाढते व चोवीस तासांत पुन्हा पूर्ववत होते. २०१५ मध्ये त्याची एक कारणमीमांसा मिळाली. चेतापेशीस उद्दीपन मिळताच काही जनुके तत्काळ जागी व्हावी लागतात. त्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचे विकर त्या जनुकांच्या मुखाशी डीएनए मुद्दाम तोडते, पीळ मोकळा होतो आणि वाचन सुरू होते. शिकणे व आठवणे यांची ही किंमत आहे. तुटलेले वेळेवर सांधले गेले तर त्यात रोग नाही. सांधायचे राहिले तर आहे.

हे सांधणे निद्रेत अधिक चांगले होते, असे २०१९ मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी झेब्रा माशांच्या चेतापेशींत पाहिले. जागेपणी इजा साठत जाते. झोपेत गुणसूत्रांची हालचाल वाढते व इजा कमी होते. २०२१ मध्ये त्याच गटाने दाखविले की, डीएनएची इजा ओळखणारे पार्प-१ हे प्रथिनच झोप आणण्यास साहाय्य करते. माशाचे निष्कर्ष माणसास तसेच्या तसे लावता येत नाहीत हे खरे. तथापि आहार, स्वप्न व ब्रह्मचर्य या त्रयोपस्तंभांत निद्रेला स्थान देणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी रात्रीचे जागरण, पाळ्यांची नोकरी व मध्यरात्रीपर्यंतचा मोबाईल यांबाबत रुग्णास खडसावून सांगण्यास आता आणखी एक आधार मिळाला आहे, असे आम्हास वाटते.

ट्रॉम्बे येथील संशोधन

या विषयावरील महत्त्वाचे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. केरळच्या किनाऱ्यावर नींदकरा ते पुरक्काड हा सुमारे ५५ किलोमीटरचा पट्टा आहे. तेथील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याने नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे. तो वर्षाला एक मिलिग्रेहून कमी ते सुमारे ४५ मिलिग्रेपर्यंत ठिकठिकाणी बदलतो. लोक तेथे पिढ्यान् पिढ्या राहतात. मुंबईतील ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या लोकांचा दीर्घ अभ्यास केला असून १९९५ पासून तेथील नवजात अर्भकांची पद्धतशीर पाहणी केली आहे. जास्त किरणोत्सर्गाच्या भागात जन्मजात व्यंगे वाढल्याचे त्यांत आढळले नाही. करुनागप्पळ्ळी येथील कर्करोग-नोंदणीच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही कर्करोगाचे प्रमाण किरणमात्रेबरोबर वाढल्याचे दिसले नाही.

बिराजलक्ष्मी दास, विनय जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांच्या रक्तातील विश्रांत, म्हणजे विभाजनचक्राबाहेर असलेल्या, पेशी तपासल्या. २०१६ मध्ये त्यांनी नोंदविले की, अधिक किरणमात्रेच्या भागातील व्यक्तींच्या पेशींत दोन्ही पदर तुटल्याच्या खुणा अधिक नव्हत्या, उलट कमी होत्या. २०१७ मध्ये दोन बाबी पुढे आल्या. या पेशींना प्रयोगशाळेत मुद्दाम किरण दिले असता अधिक मात्रेच्या भागातील व्यक्तींच्या पेशींनी तुटलेला डीएनए अधिक कार्यक्षमतेने सांधला. तसेच त्यांच्या पेशींत कोणती जनुके जागी आहेत हे एकाच वेळी पाहिले असता, इजेस प्रतिसाद देणारी व दुरुस्ती करणारी जनुके मोठ्या प्रमाणात क्रियाशील आढळली.

पूर्वीच्या प्रकरणांत आपण ‘जनुक जागे असेल तर त्याची दुरुस्ती होते’ हे पाहिले. येथे संबंधाची दुसरी बाजू दिसते. इजा सतत थोडी थोडी होत राहिली तर दुरुस्तीचीच जनुके अधिक जागी राहतात. नित्य सेवनाने सात्म्य होते ही आपली कल्पना येथे आठवते. परंतु या संशोधनाने किरणोत्सर्ग हितकर ठरत नाही. ते विशिष्ट लोकसमूहाच्या रक्तपेशींपुरते निरीक्षण आहे. रक्तपेशींचे निष्कर्ष चेतापेशींना लावण्यापूर्वी स्वतंत्र पुरावा हवा.

आपली रसायने : काय दिसले, काय दिसले नाही

डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने आयुर्वेदातील संकल्पनांची आधुनिक जीवशास्त्राच्या कसोटीवर परीक्षा करण्याचा एक उपक्रम देशात झाला. हैदराबाद विद्यापीठातील कल्लुरी सुब्बा राव यांचा गट वृद्ध उंदरांच्या चेतापेशींतील डीएनए दुरुस्तीवर अनेक वर्षे काम करीत होता. वय वाढेल तशी चेतापेशींतील दुरुस्ती-विकरांची क्षमता घटते, असे त्यांचे निरीक्षण होते. उपरोक्त उपक्रमात त्यांनी उंदरांना दीर्घकाळ आमलकी रसायन दिले. चरकसंहितेतील रसायनाध्यायाच्या आधारे आवळ्याच्या चूर्णास आवळ्याच्याच स्वरसाच्या भावना देऊन सिद्ध होणारा हा कल्प होय. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार रसायन दिलेल्या उंदरांच्या चेतापेशी व त्यांच्या आधारपेशी यांत डीएनए तुटल्याचे प्रमाण इतर उंदरांपेक्षा कमी होते. मणिपाल येथील गटाने २०१६ मध्ये वयस्क माणसांच्या रक्तपेशींवर केलेला आमलकी रसायनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तुटलेला डीएनए सांधण्याच्या क्षमतेस अनुकूल परिणाम नोंदविला गेला व विषारी परिणाम दिसले नाहीत.

ही आनंदाची बाब खरीच. पण तिचा अर्थ काटेकोरपणे लावला पाहिजे. तुटण्याचे प्रमाण कमी दिसले, म्हणजे मुळात तुटलेच कमी, की तुटलेले लवकर सांधले गेले? आवळ्यासारख्या द्रव्याने प्राणवायुजन्य इजा कमी होऊनही हेच चित्र दिसू शकेल. दोन्ही शक्यता वेगळ्या करण्यास वेगळे प्रयोग लागतात. दुसरे असे की, उंदराच्या चेतापेशी व माणसाच्या रक्तपेशी यांवरून माणसाच्या मेंदूविषयी ठाम विधान करता येत नाही. तिसरे, परीक्षण झाले ते एका विशिष्ट पद्धतीने सिद्ध केलेल्या कल्पाचे. बाजारातील प्रत्येक ‘आवळायुक्त’ पाकास तो निष्कर्ष लागू होत नाही. तेव्हा ‘डीएनएची दुरुस्ती करते’ हे वाक्य वेष्टनावर छापण्यास आज पुरेसा आधार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ईश्वरमूल व कीटमारी : एक गंभीर इशारा

आतापर्यंतचे विवेचन ज्यासाठी प्रत्येक वैद्याने व औषधालय-मालकाने वाचावे, तो मुद्दा आता येतो.

ईश्वरमूल (आपल्याकडे सापसण) व काळ्या रानात तण म्हणून उगवणारी कीटमारी या अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती होत. त्यांत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. शरीरात त्याचे रूपांतर होऊन ते डीएनएमधील अ‍ॅडेनिन या घटकास घट्ट चिकटते. वृक्कातील नलिकांच्या पेशी हे त्याचे मुख्य लक्ष्य असते.

२०१२ मध्ये असे स्पष्ट झाले की, ही चिकटलेली इजा सर्वसाधारण पाहणीच्या वाटेस ओळखूच येत नाही. रेल्वेच्या भाषेत, गँगमनच्या हातोड्याला हा बिघाड लागत नाही. गाडी अडकली तरच तो सापडतो. म्हणून जाग्या जनुकाच्या वाचल्या जाणाऱ्या पदरावरून तो काढला जातो, परंतु न वाचल्या जाणाऱ्या पदरावर व निद्रिस्त भागांत तसाच राहतो. वृक्कपेशी क्वचितच विभागत असल्याने पेशी बदलून तो निघून जाण्याची सोयही नाही. सेवन थांबल्यावर वर्षानुवर्षांनीही वृक्कात या खुणा सापडतात, त्याचे कारण हेच. पुढे केव्हातरी पेशी विभागते, तेव्हा त्या जागी चुकीचे अक्षर कायमचे बसते आणि अर्बुदाचे बीज पडते. अशा अर्बुदांच्या जनुकांतील बदल प्रामुख्याने न वाचल्या जाणाऱ्या पदरावर आढळतात. ही त्या द्रव्याची जणू स्वाक्षरीच आहे.

हा केवळ प्रयोगशाळेतील धोका नव्हे. बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन घटविण्याच्या चिनी वनौषधी घेतलेल्या तरुण स्त्रियांत वेगाने वृक्कनाश होत असल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टेफानिया या वनस्पतीऐवजी मिळत्याजुळत्या चिनी नावाची अ‍ॅरिस्टोलोकिया त्या औषधात आली होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, वृक्क निकामी झालेल्या ३९ रुग्णांची वृक्के व मूत्रवाहिन्या काढून तपासल्या असता १८ जणांत कर्करोग आढळला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये या द्रव्यांविरुद्ध इशारा दिला. तैवानने २००३ मध्ये बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था या द्रव्यांची गणना मानवात निश्चित कर्करोगकारक अशा पहिल्या गटात करते.

नावाच्या साम्यातून झालेली ही चूक आपल्याला परकी नाही. संदिग्ध द्रव्यांचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. एकट्या ‘रास्ना’ या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी मुळे विकली जातात. पोत्यातील मुळी कोणती, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडणे आता परवडणारे नाही. परंपरेने वापरले म्हणजे निर्धोक, हा युक्तिवादही येथे टिकत नाही. जी इजा वीस वर्षांनी फळास येते ती चिकित्सकाच्या अनुभवात सापडत नाही. रुग्ण तेव्हा दुसऱ्याच रुग्णालयात डायलिसिसवर असतो आणि मधल्या काळात घेतलेली पुडी कोणालाच आठवत नाही.

व्यवहारात काय करावे?

वरील विवेचनावरून आम्ही वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधालय-मालकांपुढे पुढील सूचना ठेवतो.

१. ईश्वरमूल व कीटमारी यांचा आभ्यंतर प्रयोग करू नये. कच्च्या मालाच्या साठ्यात ती असल्यास काढून टाकावी. संशय येणाऱ्या मुळ्यांची वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी व घाऊक खरेदीच्या नोंदी जपाव्यात.

२. कारण न सापडणाऱ्या वृक्कविकाराच्या रुग्णास पूर्वी घेतलेल्या जडीबुटीविषयी आवर्जून विचारावे व ते लिहून ठेवावे.

३. ‘डीएनए दुरुस्ती’ असा दावा वेष्टनावर, फलकावर वा तोंडीही करू नये. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा आहेच. पण कायदा नसता तरी असत्य सांगणे वैद्याच्या व्रतात बसत नाही.

४. आमलकी रसायन, च्यवनप्राश आदी कल्प त्यांच्या शास्त्रोक्त अधिकारानुसार, शोधनपूर्वक व योग्य मात्रेत द्यावेत. ग्राहकाने विचारल्यास ‘प्राण्यांत व रक्तपेशींत आशादायक निरीक्षणे आहेत, मेंदूविषयी अजून सिद्ध व्हायचे आहे’ एवढेच सांगावे.

५. वृद्धांना व विद्यार्थ्यांना निद्रेचे महत्त्व औषधाइतकेच आग्रहाने सांगावे. त्यास खर्च नाही व अपायही नाही.

६. उन्हाने त्वचेस सहज पोळणे, खुरटलेली वाढ व घटती श्रवणशक्ती ही लक्षणे एकाच बालकात दिसल्यास त्यास जनुकविकारांच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. त्यास रसायनाच्या भरवशावर ठेवू नये. अशा बालकास उन्हापासून जपणे अत्यावश्यक असते.

न विभागणारी पेशी आपल्या जुन्या संपत्तीतील वापराचा भाग जपते व उरलेला दैवावर सोडते. शास्त्राचे मात्र तसे करून चालत नाही. रोजच्या वापरात नसलेली, ग्रंथातच पडून राहिलेली द्रव्येही आपण एकेक करून तपासली पाहिजेत. जी निर्दोष ठरतील ती अभिमानाने वापरावीत आणि जी सदोष ठरतील ती निःसंकोचपणे बाजूला ठेवावीत. आपल्यावर विश्वास टाकून पुडी घेऊन जाणाऱ्या रुग्णाचे वृक्क व त्याचा मेंदू यांची दुसरी प्रत मिळत नसते.